प्रश्न विचारायची किंमत

प्रोग्रामरने कुठला एडिटर वापरावा, त्यातल्या किती सोयी त्याच्या हातात बसलेल्या असाव्यात, या चर्चेत मी कित्येक वर्षं एकच उत्तर देत आले: याने काही फरक पडत नाही. खरं काम डोक्यात होतं. दिवसभरात आपण कोडच्या मोजक्या ओळी लिहितो, त्या टाइप करायला फारसा वेळ लागत नाही. उरलेला दिवस विचार करण्यात, लोकांशी बोलण्यात, चाचण्या संपायची वाट बघण्यात जातो. मग चार सेकंद वाचवण्यासाठी ढीगभर शॉर्टकट पाठ कशाला करायचे? हा युक्तिवाद मी नव्या मुलामुलींना ऐकवला, मुलाखतींमध्येही ऐकवला. टायपिंगच्या वेगापुरता तो मला आजही पटतो. माझं मत बदललं ते वेगळ्याच गोष्टीबद्दल, आणि ती गोष्ट मला आता इतकी महत्त्वाची वाटते की सविस्तर लिहायला हवं.

जुन्या मताची मुळं चांगल्या मातीत होती. मी सी भाषेत काम शिकले. ज्यांच्या हाताखाली शिकले त्यांना हजारो ओळींच्या कोडमधलं कुठलं फंक्शन कुठल्या फाइलमध्ये आहे हे तोंडपाठ होतं. विचारलं की ते फाइलचं नाव सांगायचे, कधीकधी त्याच्या वरचं आणि खालचं फंक्शनही सांगायचे. ज्याला शोधावं लागतं त्याला कोड अजून कळलेला नाही, असं ते म्हणायचे. त्या म्हणण्यात मेहनतीबद्दलचा आदर होता, म्हणून मला ते आवडायचं. एडिटरच्या सोयींवर विसंबून राहिलं तर हे पाठ असणं जाईल, डोकं आळशी होईल, अशी माझी प्रामाणिक भीती होती.

इतिहासही माझ्या बाजूने आहे असं मला वाटायचं. व्हीआय हा एडिटर बिल जॉयने १९७६ च्या सुमाराला बर्कलीत लिहिला. त्याच्या एडीएम-३ए टर्मिनलवर बाणांच्या वेगळ्या कळा नव्हत्या. एच, जे, के, एल या अक्षरांच्याच कळांवर बाण छापलेले होते, म्हणून व्हीआयमध्ये कर्सर आजही त्या अक्षरांनी हलतो. घरून मोडेमवर काम करताना पडदा इतका सावकाश उमटायचा की आज्ञा एका अक्षराची असणं ही गरज होती. मी म्हणायचे, ते टर्मिनल गेलं, तो मोडेम गेला, मग त्या अडचणींतून आलेल्या सवयी आपण का जपायच्या? आणि दुसरा साक्षीदार म्हणून लॅरी टेस्लरला उभं करायचे. झेरॉक्सच्या पालो आल्टोमधल्या प्रयोगशाळेत त्याने टिम मॉटबरोबर जिप्सी नावाचा एडिटर केला. त्यात कळ दाबली की अक्षर उमटायचं, आधी कुठल्या अवस्थेत जावं लागायचं नाही. कट, कॉपी, पेस्ट आपल्याला जसं ठाऊक आहे तसं तिथून आलं. एडिटरमधल्या या वेगवेगळ्या अवस्थांना, म्हणजे मोड्सना, त्याचा इतका विरोध होता की गाडीच्या नंबरप्लेटवरही त्याने 'नो मोड्स' अशी अक्षरं घेतली होती. त्याने आयुष्यभर जे काढून टाकायचा प्रयत्न केला ते आपण परत का आणायचं?

आज मी या दोन्ही गोष्टी वेगळ्या नजरेने वाचते. जिप्सी झाला तो गिन या पाठ्यपुस्तकांच्या प्रकाशनसंस्थेतल्या संपादकांसाठी. त्यांच्या पुढ्यात गद्य होतं, ते दुरुस्त करायचं, त्यात भर घालायची. तिथे कळ दाबल्यावर अक्षर उमटणं हेच योग्य. प्रोग्रामरचा दिवस तसा नसतो. व्हीआयमध्ये फाइल उघडली की आपण लिहिण्याच्या अवस्थेत नसतोच. कळा हलवतात, शोधतात, उड्या मारतात. लिहायचं असेल तर मुद्दाम आत जावं लागतं आणि लिहून झालं की एस्केप दाबून बाहेर यावं लागतं. कारण काहीही असो, त्या एडिटरने वाचणं हा मुक्काम मानला आणि लिहिणं ही मधली फेरी. मी मोडेमचा इतिहास सांगत राहिले आणि हे माझ्या लक्षातच आलं नाही.

मत बदलायला मात्र पुस्तकी कारण पुरलं नसतं. आमचं काम पतसंस्थांच्या सॉफ्टवेअरचं: ठेवी, कर्जं, हप्ते, व्याज, दंडव्याज. कोड जुना, त्यातला बराचसा मी लिहिलेला किंवा डोळ्यांखालून गेलेला. एकदा तक्रार आली की काही कर्जदारांना हप्ता वेळेवर भरूनही एका दिवसाचं दंडव्याज लागतं आहे. अशा वेळी पहिला संशय सुट्टीवर जातो. हप्त्याची तारीख रविवारी आली तर ती सोमवारवर ढकलायची असते, तिथेच काहीतरी बिनसलं असणार. मी सुट्ट्यांचं फंक्शन उघडलं, वाचलं, ते बरोबर होतं. व्याज काढणारं फंक्शन उघडलं, तेही बरोबर होतं. मग मी विचार करत बसले.

शेजारी आमचा एक तरुण सहकारी होता. त्याने देय तारखेच्या फील्डवर कर्सर ठेवून तिचे सगळे रेफरन्स मागवले. ती तारीख जिथे जिथे वापरली आहे त्या जागांची यादी बाजूच्या पट्टीत आली. तो एकेक जागा बघत खाली उतरू लागला. ही फक्त पावतीवर छापण्यासाठी, ही अहवालासाठी, ही चाचणीतली. एका ठिकाणी थांबला, एफ१२ दाबून व्याख्येत गेला, तिथून आणखी एका फंक्शनमध्ये उतरला, काही हाती लागलं नाही, ऑल्ट आणि डावा बाण दोनदा दाबून होता तिथे परत आला. पुन्हा पुढची जागा. असं बरंच झालं. शेवटी थांबला तो शाखांकडून रात्री येणाऱ्या नोंदी आत घेणाऱ्या फाइलमध्ये. तिचा व्याजाशी काही संबंध नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, त्यामुळे मी ती उघडलीच नसती. पण त्या फाइलमध्ये हप्त्याला 'थकीत' अशी खूण लावली जात होती, आणि ती सुट्टी न बघता मूळ तारखेवरून लागत होती. दंडव्याज पुढे त्या खुणेवर विसंबून होतं.

त्याला माझ्यापेक्षा कोड जास्त कळत होता असं नाही, त्याचे हात वेगाने चालत होते म्हणून तो पोहोचला असंही नाही. फरक इतकाच की कोडला एक प्रश्न विचारायला त्याला जवळजवळ काहीच लागत नव्हतं. मला फाइल आठवावी लागायची, फोल्डरच्या झाडात शोधावी लागायची, आत गेल्यावर स्क्रोल करावं लागायचं, आणि तोवर आधी कुठे होते ते निसटायचं. प्रश्न महाग असला की माणूस तो जपून विचारतो. उत्तर मिळेल असं आधीच वाटतं तेच प्रश्न मी विचारत होते. ज्याला मी अनुभव म्हणत होते त्यातला काही भाग म्हणजे विचारायचे बंद केलेले प्रश्न होते: या फाइलचा संबंध नाही, ते फंक्शन कोणी वापरत नाही, ही तारीख तिथे बदलत नाही. यातली प्रत्येक गोष्ट कधीतरी खरी होती. नंतर कोड बदलला आणि माझी यादी तीच राहिली.

कार्नेगी मेलन विद्यापीठात एमी को, ब्रॅड मायर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ च्या सुमाराला प्रोग्रामर जुन्या कोडमध्ये दुरुस्ती कशी करतात याचा बारकाईने अभ्यास केला होता. एक्लिप्समध्ये जावाच्या कोडवर काम करणाऱ्यांचा सरासरी ३५ टक्के वेळ कोडच्या संबंधित तुकड्यांमध्ये ये-जा करण्यात जात होता, आणि त्यातली पुष्कळशी ये-जा एकदा पाहून झालेल्या जागांकडे परत जाण्याची होती. हा आकडा आधी माझ्यासमोर आला असता तर मी तो टायपिंगच्या हिशेबात टाकून सोडून दिला असता. आता मला त्यातला परत जाण्याचा भाग सर्वांत बोलका वाटतो. कोड वाचणं सरळ रेषेत होत नाही. एक जागा अर्धवट समजते, ती नीट समजायला दुसरीकडे जावं लागतं, आणि तिथून परतल्यावर पहिलीचा अर्थ लागतो.

म्हणून नवख्या माणसाला मी आधी परतीची कळ शिकवते. व्याख्येवर उडी मारायला बहुतेकांना येतं, परत यायला येत नाही. ते पुन्हा फाइल शोधतात, टॅबांच्या रांगेत चुकतात, आणि दोन-तीनदा असं झालं की खोल जायचंच टाळतात. व्हीएस कोड या एडिटरमध्ये विंडोजवर ऑल्ट आणि डावा बाण, व्हीआयच्या सुधारित अवतारात, म्हणजे विममध्ये, कंट्रोल-ओ. विममध्ये उड्यांची यादीच राहते: कंट्रोल-ओने मागे, कंट्रोल-आयने पुन्हा पुढे. शिवाय एखाद्या जागेला अक्षराची खूण लावून ठेवता येते, मग कितीही भटकलं तरी त्या एका अक्षराने परत. परतीची खात्री असली की माणूस बिनधास्त आत शिरतो. दंडव्याजाच्या त्या शोधातही, पुन्हा आठवून बघते तेव्हा, मला ऑल्ट आणि डाव्या बाणाचंच महत्त्व जास्त दिसतं.

शोधण्याबद्दलही बोलायला हवं, कारण तिथे माझं जुनं मत अर्धं टिकलं. केन टॉम्प्सनने मजकुरातले नमुने शोधण्याची, म्हणजे रेग्युलर एक्स्प्रेशनची, पद्धत १९६८ मध्ये लेखातून मांडली आणि ती आपल्या एडिटरमध्ये आणली. पुढे बेल लॅब्जमध्ये ली मॅकमहनला 'फेडरलिस्ट पेपर्स' या अमेरिकन निबंधांतला कुठला निबंध कोणाचा हे मजकुरावरून तपासायचं होतं. तेवढा मजकूर एडिटरमध्ये मावेना, तेव्हा टॉम्प्सनने शोधण्याचा भाग वेगळा काढून दिला, तो ग्रेप. ब्रायन कर्निहनने ही हकीकत सांगितली आहे. मला ती फार प्रिय आहे, कारण आज जगभरचे प्रोग्रामर रोज वापरतात ते हत्यार एका वाचकाच्या गरजेतून आलं.

ग्रेपसारखा शोध अक्षरं बघतो, अर्थ बघत नाही. आमच्या कोडमध्ये 'अमाउंट' शोधलं तर ठेवीतली, कर्जातली, पावतीवरची, टिपणांमधली सगळी नावं एकत्र येतात. अर्थ बघणारा शोध पूर्वी एखाद्या भाषेसाठी बांधलेल्या मोठ्या वातावरणातच मिळायचा. प्रत्येक एडिटरला प्रत्येक भाषेसाठी वेगळं काम करावं लागायचं. जून २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने रेड हॅट आणि कोडेन्व्ही यांच्यासोबत लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल जाहीर केला, आणि हे चित्र पालटलं. आता भाषा समजणारा एक प्रोग्राम एडिटरच्या शेजारी चालतो. मी नावावर कर्सर ठेवून विचारते तेव्हा एडिटर त्याला फाइल, ओळ आणि अक्षराचं स्थान कळवतो, तो व्याख्या कुठे आहे ते सांगतो. तोच प्रोग्राम व्हीएस कोडला उत्तर देतो, विमच्या वंशातल्या निओव्हिमला आणि ईमॅक्सलाही देतो. म्हणजे एडिटर कुठला यावर भांडायचं कारण पुष्कळ कमी झालं. तो नीट वापरता येतो का, हा प्रश्न मात्र राहिला.

पण अक्षरं बघणारा शोध सोडून चालत नाही. व्हीएस कोडमध्ये एफ२ दाबून फील्डचं नाव बदललं की ते नाव कोडमध्ये जिथे त्याच अर्थाने आलं आहे तिथेच बदलतं, शेजारच्या त्याच नावाच्या दुसऱ्या फील्डला धक्का लागत नाही. मात्र एसक्यूएलच्या ओळीत, पावतीच्या साच्यात, सेटिंगच्या फाइलमध्ये ते नाव नुसता मजकूर म्हणून पडलेलं असतं, तिथे ते जुनंच राहतं. एफ२ नंतर मी न चुकता कंट्रोल-शिफ्ट-एफ दाबून जुनं नाव सगळ्या प्रकल्पात शोधते. आणि काही सापडलं नाही तरी शोध कुठे झाला हे बघते, कारण व्हीएस कोड आपणहून गिटने दुर्लक्षायला सांगितलेले फोल्डर शोधातून वगळतो.

मराठी मजकुराची गोष्ट याहून बारीक आहे. आमच्या संदेशांच्या फाइलमध्ये 'दुसऱ्या खात्यातून वळते' असं वाक्य बऱ्याच ठिकाणी आहे. ते बदलायचं होतं. शोधलं, काही जागा सापडल्या, बदलल्या, आणि पडद्यावर जुनं वाक्य तसंच दिसत राहिलं. दोन्हीकडचा 'दुसऱ्या' डोळ्यांना हुबेहूब सारखा. आत मात्र एकीकडे 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर आणि त्यापुढे हलन्त होता, तर दुसरीकडे साधा 'र', हलन्त आणि त्यापुढे शून्य रुंदीचा, न दिसणारा जोडक. युनिकोडमध्ये पहिल्याची सुरुवात ०९३१ ने होते, दुसऱ्याची ०९३० ने. टाइप करणाऱ्यांचे कळफलक वेगवेगळे, त्यामुळे दोन्ही रूपं शेजारी शेजारी नांदत होती. शोधाच्या चौकटीत रेग्युलर एक्स्प्रेशनचं बटण दाबून, कंसात दोन्ही रूपं लिहून मध्ये उभी रेघ दिली, तेव्हा सगळ्या जागा आल्या. 'कर्मचाऱ्यांची', 'पदाधिकाऱ्यांना', 'शेतकऱ्यांसाठी' हे शब्दही तसेच निघाले, आणि मग सगळा मजकूर एका रूपावर आणला. मराठीत सॉफ्टवेअर करणाऱ्या प्रत्येकाने शोधाची ही बाजू शिकून घ्यावी असं मला कळकळीने वाटतं. इंग्रजी संदेशांवर काम करणाऱ्याला 'दुसऱ्या'ची ही अडचण कधी दिसायचीच नाही.

बदल करण्याच्या सोयींकडे मी शेवटी आले, कारण त्या मला टायपिंगच्या जवळच्या वाटायच्या. इथे मी एकच सांगते. सगळीकडे एकदम बदला, हे बटण मी फार कमी वापरते. त्याऐवजी कंट्रोल-डी: निवडलेला शब्द पुढे जिथे येतो तिथे दर खेपेला एकेक कर्सर वाढतो, आणि प्रत्येक जागा डोळ्यांखालून जाते. एखादी नको असेल तर कंट्रोल-के दाबून लगेच कंट्रोल-डी, की ती सुटते. विममध्ये याला आणखी सुंदर रूप आहे. शब्दावर तारा दाबायचा, मग सी, जी, एन ही तीन अक्षरं, नवा शब्द लिहून एस्केप. त्यानंतर नुसतं टिंब दाबलं की पुढची जागा बदलते, आणि एन दाबलं की कर्सर नुसता पुढच्या जागेवर जातो, ती नको असेल तर पुन्हा एन. तांदूळ निवडणाऱ्या आईने ते परातीत पसरून एकेक खडा वेचावा तसं हे काम होतं, आणि हिशेबाच्या कोडमध्ये मला तेच हवं असतं.

आता जुन्या मतातलं काय उरलं? उड्या मारत वाचणाऱ्याला एक धोका असतो. तो फंक्शनमध्ये बोगद्यातून शिरतो आणि बोगद्यातूनच निघतो, आजूबाजूला काय आहे ते त्याला दिसत नाही. ज्यांच्याकडे मी शिकले त्यांना वरचं-खालचं फंक्शन ठाऊक असायचं, ते उगीच नव्हे. नवा भाग हातात आला की मी अजूनही मुख्य फाइल आधी वरपासून खालपर्यंत सलग वाचते. आणि रेफरन्सची यादी म्हणजे पूर्ण सत्य नव्हे. फंक्शनचं नाव चालू प्रोग्राममध्येच अक्षरं जोडून तयार होत असेल तर ते कुठल्याही यादीत येत नाही. तिथे कोड ठाऊक असलेला माणूसच लागतो.

हल्ली मला विचारतात की कोड यंत्रच लिहून देणार असेल तर हे सगळं कशाला शिकायचं. मला उलटं वाटतं. यंत्राने क्षणात दिलेल्या पन्नास ओळी आपण लिहिलेल्या नसतात, त्यामुळे त्यातलं आपल्याला काहीच पाठ नसतं. हे फंक्शन आधीपासून होतं की आताच आलं, याला आणखी कोण बोलावतं, ही तारीख इथे का बदलली, हे सगळं विचारूनच घ्यावं लागतं. पाठ असण्यावर माझी जी श्रद्धा होती ती अशा कोडपुढे निरुपयोगी आहे.

मुलाखतीत मी पूर्वी ऐकवायचे ते आता ऐकवत नाही. त्याऐवजी उमेदवाराला अनोळखी कोड देते आणि एक साधा प्रश्न विचारते: पडद्यावर ही जी रक्कम दिसते ती तक्त्यातून इथपर्यंत कशी आली, वाटेत ती कुठे कुठे बदलू शकते? हात माऊसवर आहे की कळफलकावर याकडे मी बघत नाही. तो किती जागी जातो, कुठून परत फिरतो, काय बघून 'ही नको' म्हणतो, ते टिपून घेते. एडिटर सवयीचा असावा म्हणून लॅपटॉप स्वतःचा घेऊन यावा, असं आम्ही बोलावतानाच कळवतो.